ह्यांची बिनआवाजाची गाडी

मी कोथिंबिरीची जुडीसुद्धा सोडून, आतून बघून घेते. वरून हिरवीगार आणि पोटात चिखल, असल्या जुड्या मी आयुष्यभर परत केल्या आहेत. त्यामुळे रिटायर झाल्यावर ह्यांनी भंगारात निघालेली रुग्णवाहिका विकत आणली, कात्रपच्या आमच्या सोसायटीच्या आवारात उभी केली आणि म्हणाले, "आता हिच्यात घर करायचं आणि फिरायचं," तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला, फिरायचं म्हणजे नक्की कुणी?

विचारलं, तर म्हणाले, "आपण दोघांनी. आणखी कुणी?" पण आत पलंग बसवला तो एकच. "दुसरा नंतर," म्हणे. नंतर!

हे अंबरनाथच्या कारखान्यात, पत्रा ठोकणाऱ्या प्रेसच्या खात्यात होते. शेवटी अधिकारी झाले, तरी हातात पाना-पक्कड नसली की बेचैन. उठसूट उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात जुन्या मालाच्या दुकानात जायचे आणि पिशवी भरून कचरा आणायचे. फुटक्या स्क्रीनचा लॅपटॉप, लोकांनी टाकून दिलेले मोबाइल, बंद पडलेल्या मशीनच्या पॅनेलवरचे लाल-हिरवे दिवे. तो लॅपटॉप म्हणजे गाडीचा मेंदू. टाकीत पाणी किती, बॅटरी किती, गॅस गळतोय का, दार उघडं राहिलंय का, सगळं तोच बघणार. "आणि एक अक्षर बाहेर जाणार नाही," हे अगदी छाती फुगवून सांगायचे. "कुठल्या कंपनीचा सर्व्हर नाही, इंटरनेट नाही. सगळं गाडीतल्या गाडीत."

आता मला सांगा, ज्याला काही लपवायचं नाही तो माणूस एवढा बंदोबस्त कशाला करेल?

त्यात फोनची भानगड. पूर्वी मित्रांशी तास तास गप्पा हाणायचे. आता फोन वाजला की कट करायचा आणि कोपऱ्यात बसून टाइप करायचं. मी स्वयंपाकघरातून विचारायची, "कुणाचा होता हो?" उत्तर नाही. पुढ्यात जाऊन उभी राहिले की गोड हसून, "काय म्हणालीस?" ते गोड हसणं मला मुळीच आवडलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांना उगाचच गोड हसताना मी कधी पाहिलेलं नाही.

एके दिवशी म्हटलं, मीही येते कॅम्पात. बघू तरी कोण आहे तिथे. तिथे कुणी नव्हतं, सिंधी शेठ आणि ढिगाने तारा. हे वाकून डब्यातले दिवे निवडत होते, तेवढ्यात शेठ मला म्हणाला, "भाभीजी, साब का काम अलग है. सब लोग आवाजवाला माल माँगते हैं, साब को सिर्फ बत्तीवाला चाहिए. अलार्म का भी बजर निकलवाते हैं."

रुग्णवाहिकेचा सायरन काढला, ते ठीक. पण दाराला बेल नको, गॅसच्या अलार्मला आवाज नको? आवाज कुणाला नको असतो? ज्याला गुपचूप निघून जायचं असतं त्याला! हा माणूस मला टाकून जाणार, अशी खूणगाठ मी त्या दुकानातच बांधली.

घरी आल्यावर मी अबोला धरला. भांडले असते तर ह्यांनी गोड बोलून गुंडाळलं असतं. ताट वाढायचं आणि पाठ फिरवायची. एरवी स्वयंपाक करताना माझी एकटीची बडबड चालू असते, कुकरशी, भाजीशी, देवाशी. तीही बंद केली. वाटलं, दोन दिवसांत विचारतील, काय झालं म्हणून. कसलं काय! महिना होत आला तरी एका शब्दाने चौकशी नाही, उलट गाडीतच जास्त वेळ. मी आतल्या आत जळत होते आणि खरं सांगायचं तर घाबरले होते. या वयात नवरा सोडून गेला तर लोकांना काय सांगू, आणि संध्याकाळी चहा कुणासाठी टाकू?

मग एका दुपारी हे आले आणि हाताला धरून मला गाडीत घेऊन गेले. दुसरा पलंग बसला होता. उशाशी एक लाल बटण. "हे तुझं," म्हणाले. "मला हाका मारत बसू नकोस. हे दाबायचं."

माझा संताप संताप झाला. मी काय साहेबीण, आणि हे शिपाई? हाक मारलेलीसुद्धा नको झाली ह्यांना माझी! हे मात्र पुढे ड्रायव्हरच्या सीटपाशी जाऊन, माझ्याकडे पाठ करून कसलीशी तार जोडू लागले. वर पंखा घरघरत होता.

"अहो," मी म्हणाले. महिन्याभरातला पहिला शब्द. मान वळली नाही.

"अहो, मला सोडून जायचंय का तुम्हाला?"

तार जोडणं चालूच. मग मला असा राग आला की मी ते बटण मुठीने हाणलं.

स्टिअरिंगपाशी लाल दिवा लुकलुकला आणि हे झटकन वळले. चेहरा लहान मुलासारखा खुललेला. "चाललं की! काय गं?"

मी त्या दिव्याकडे बघत राहिले. दाराला दिवा. गॅसला दिवा. मलाही दिवा. फोन नको, मेसेज हवा. समोर उभं राहिलं तरच उत्तर. तशीच पुढे गेले, पंखा बंद केला आणि त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन विचारलं, "कधीपासून ऐकू येत नाही तुम्हाला?"

"प्रेसवर असतानाच सुरू झालं. हळूहळू."

"आणि मला बोलला नाहीत?"

"काम भागत होतं गं." त्यांनी नजर खाली घातली. "तू स्वयंपाकघरात बोलायचीस ना, शब्द कळायचे नाहीत, पण गुणगुण यायची. तेवढ्यावर बरं वाटायचं. या महिन्यात तीही गेली. हॉर्न येतात अजून, कुत्रं भुंकलेलं येतं. तुझा आवाज तेवढा पार गेला. म्हटलं, आता बटणाशिवाय इलाज नाही."

"अहो, मी अबोला धरला होता," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या ओठांकडे नीट बघितलं. कळलं नव्हतं. मग मला ते पुन्हा म्हणावं लागलं, गेटवरच्या वॉचमनलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.