वहिनींची लक्ष्मी, माझी चामखीळ

वहिनींनी माझं बोट पेनाच्या टोकानं वर उचललं. हातानं नाही. चहाची वेळ होती, हातमोजे काढून आम्ही चौदा बायका द्राक्षांच्या टेबलाभोवती उभ्या होतो. माझ्या उजव्या हाताच्या बोटांवर पाच चामखिळी होत्या. खरखरीत, मटकीएवढ्या. वहिनींनी पेन फिरवून सगळ्यांना दाखवल्या.

"तुमच्या वस्तीत असतंच हे," त्या म्हणाल्या. "घाणीतून येतं. टेबल सोड."

मी सोडलं. हातमोजे घालूनच काम करत होते, हेही सांगितलं नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. काहीच आलं नाही.

वहिनी म्हणजे दिंडोरी रस्त्यावरच्या त्या पॅकहाउसच्या मालकीणबाई. तिथे कुठेही न लिहिलेली एक रीत होती. गावातल्या बायका टेबलावर, घडातले खराब मणी कात्रीनं काढायला. आमच्या बौद्ध वस्तीतल्या बायका मागच्या हौदावर, क्रेट धुवायला. तीन हंगाम मी क्रेट धुतले. हात दिवसभर पाण्यात, क्रेटच्या कडांनी बोटं चिरलेली. यंदा बायका कमी पडल्या म्हणून मला टेबल मिळालं. नऊ दिवस. वस्तीत मी पहिलीच, म्हणून घरी सगळ्यांना सांगत सुटले होते.

वहिनींच्या हनुवटीवरही एक बोंड होतं. बारीक देठाचं, लोंबतं. ते आलं त्या वर्षी माल चांगला गेला, म्हणून बायका त्याला लक्ष्मी म्हणायच्या. दर शुक्रवारी वहिनी त्याला हळद लावायच्या. बोलताना चिमटीत धरून ओढत राहायच्या. मला टेबल सोड म्हणाल्या तेव्हाही ओढत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी वरातीच्या घोडेवाल्याकडून घोड्याच्या शेपटीचा केस मागवला. केस करकचून बांधला की चामखीळ गळून पडते, असं आमच्याकडे सगळेच मानतात. माझी आईही मानायची. पण बांधणार कोण? माझ्या बोटाला कुणी हात लावेना. वहिनींनी केस एका पालथ्या क्रेटवर टाकला. मी तो सगळ्यात मोठ्या चामखिळीला एका हातानं आणि दातांनी बांधला. सगळ्या बघत होत्या. एक हसली. नऊ दिवस माझ्या शेजारी बसून डबा खाल्लेली ती बाई होती. ते हसणं मला पेनापेक्षा जास्त लागलं, पण लागलं हे कळायलाही महिना गेला.

चौथ्या दिवशी बोट सुजलं, पू झाला. मी नाशिकला सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी हातमोजे घातले. मी बघत होते. माझ्या आधीच्या पेशंटलाही घातले होते, नंतरच्यालाही घातले. मग त्यांनी माझा हात हातात घेतला. नीट, पूर्ण.

मी विचारलं, हे वस्तीतून येतं का? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, विषाणू असतो, कातडी भिजून मऊ पडली, चिरली की आत शिरतो. काम काय करता? मी सांगितलं. त्यांनी नुसती मान डोलावली. म्हणजे वस्तीतून नाही. हौदातून.

त्यांनी सगळं समजावलं. बोटांवरची ही साधी चामखीळ. तळपायावरची चालताना आत दबते, तिला लोक पायातलं कुरूप समजतात. तोंडावर चपट्याही येतात. आणि ओठांजवळ, हनुवटीवर येते ती बारीक देठाची, लोंबती.

"सगळ्यांचा विषाणू एकाच घराण्यातला," त्या म्हणाल्या.

एकाच घराण्यातला. एसटीत मी हे वाक्य मनात घोळवत बसले.

बोट बरं झाल्यावर त्यांनी चामखिळींवर थंडगार वाफेचा फवारा मारला. आधी आग आग झाली. मग बधिर. मला त्यातलं बधिरपण ओळखीचं वाटलं. दर तीन आठवड्यांनी यायला सांगितलं. मधल्या दिवसांत घरी कोमट पाण्यात बोटं भिजवायची, मेलेली कातडी घासायची, भोवती व्हॅसलीन लावून फक्त चामखिळीवर औषध लावायचं. घासणी आपली आपण वापरायची, दुसऱ्याला द्यायची नाही. केस बांधायचा नाही, ओढायचं नाही, ओढलं की पसरतं.

मी पॅकहाउसवर परतले. वहिनी म्हणाल्या, क्रेटवर जा. त्यांच्या लक्ष्मीशेजारी आता दोन बारकी उगवली होती. मी टेबलापाशी उभी राहिले आणि दोन्ही हात त्यावर ठेवले.

"वहिनी, तुमच्या हनुवटीवर लक्ष्मी नाय. चामखीळच हाय, माझ्याच घराण्यातली. ओढू नका, पसरते. आन् क्रेट मी धुणार नाय."

कुणी हसलं नाही. वहिनींचा हात हनुवटीकडे गेला आणि मध्येच थांबला. मग त्यांनी मला दार दाखवलं. मी गेले. माझ्यामागून कुणी आलं नाही, वस्तीतलंही नाही.

दोन चामखिळी अजून आहेत. मी त्या पदराखाली घेत नाही. नव्या पॅकहाउसच्या दारात आधी हात दाखवते, उपचार चालू असल्याचा डॉक्टरांचा कागद दाखवते, मग विचारते, टेबल कुठाय? हौदाकडे बोट केलं की मागे फिरते. तीन दारांवरून अशीच परत आले. उद्या चौथ्यावर जाणार आहे.