रविवारी सकाळी जावास्क्रिप्ट

ऑफिसात मी आठवडाभर कोड लिहितो, पण तिथला एक किस्सा सांग म्हणालात तर डोकं खाजवावं लागेल. आणि रविवारी सकाळी घोडपदेवला जो वर्ग घेतो ना, तिथून दर वेळी काहीतरी घेऊनच घरी येतो. बायको दार उघडतानाच विचारते, "आज कोण काय म्हणालं?"

वर्ग जावास्क्रिप्टचा. वेबसाइटवर बटण दाबलं की काहीतरी घडतं, ते घडवणारी भाषा. जागा आमच्या मंडळाची खोली. कॅरम बोर्ड भिंतीला उभा करायचा, सतरंजी अंथरायची, वर जुने लॅपटॉप मांडायचे. कुणीही या, फुकट शिका, असा बोर्ड लावला होता. तर खरंच कुणीही आलं!

*

वासंतीताई परब घरगुती मसाले विकतात. ऑर्डर घेणारं पान स्वतः बनवायचं म्हणून आल्या. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना सोपा प्रोग्राम दिला. पान तुमचं नाव विचारतं, तुम्ही टाइप करता, आणि ते तुम्हाला नमस्कार करतं. बस.

वासंतीताईंनी एका बोटाने नाव टाइप केलं. स्क्रीनवर चौकट आली, "नमस्कार, वासंती!"

ताई हलेचनात. मला वाटलं, काहीतरी अडलं.

"काय झालं ताई?"

"काही नाही हो सर. घरात मी आई, वहिनी, काकू, मामी. वासंती म्हणून हाक मारणारं आता कोणी राहिलंच नव्हतं."

मी पुढचा धडा सांगायला वळलो. तोपर्यंत ताईंनी पान रिफ्रेश करून पुन्हा नाव टाइप केलेलं!

*

माहिती साठवायला डबे लागतात. जावास्क्रिप्टमध्ये दोन प्रकारचे. 'लेट'च्या डब्यातला माल नंतर बदलता येतो, 'कॉन्स्ट'चा डबा एकदा भरला की सील. मी म्हटलं, "आपापलं नाव आणि आडनाव डब्यांत भरा. कुठला डबा घ्यायचा ते तुम्ही ठरवा."

मग एकेकाचा स्क्रीन बघत फिरलो. सगळ्या पुरुषांनी आडनाव 'कॉन्स्ट'मध्ये टाकलेलं. सगळ्या बायकांनी 'लेट'मध्ये! कोणी कोणाला विचारलं नव्हतं, मी काही सुचवलं नव्हतं. मी ते मोठ्याने सांगितलं तसे सगळे एकमेकांचे स्क्रीन बघायला लागले.

"सगळ्या बायकांनी नाही हां," मागून आवाज आला.

ग्लोरिया आंटी. खोताच्या वाडीतून येतात, शाळेत शिकवून रिटायर झालेल्या. त्यांच्या स्क्रीनवर ठणठणीत 'कॉन्स्ट'.

"लग्नच नाही केलं मी. दोघांनी विचारलेलं. दोघंही बोलले, नाव बदलावं लागेल. मी बोलली, सॉरी!"

*

निलेश लालबागला बॅनर छापण्याच्या दुकानात डिझाइन करतो. त्याने घरी बसून वय सांगणारं पान बनवलं. या वर्षीचं वय टाका, पुढच्या वर्षीचं मिळेल. आईला हौसेने बसवलं समोर. आईने टाकलं अठ्ठावन्न. उत्तर आलं, पाचशे एक्क्याऐंशी!

आता नवशिक्यांचं हे नेहमीचं आहे. टाइप केलेला आकडा जावास्क्रिप्टला आकडा वाटत नाही, अक्षरं वाटतात. मग अठ्ठावन्नमध्ये एक मिळवायच्या ऐवजी ती त्याच्या शेजारी एक चिकटवून मोकळी होते.

निलेश बिचारा खजील. आई मात्र स्क्रीनकडे बघून म्हणाली, "बरोबर आहे रे. गुडघे तेवढंच सांगतात."

*

'लूप' म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावणं. पण कधी थांबायचं ती कंडिशन द्यावी लागते. वासंतीताई ती द्यायला विसरल्या आणि लॅपटॉप सुटला! पंखा घरघरतोय, माउस हलत नाही. शेवटी मी बटण दाबून धरलं आणि बंद केला.

मग मी समजावलं, "ताई, यंत्राला कळत नाही की आता पुरे. आपण सांगायला लागतं. नाहीतर ते आपलं करत राहतं, करत राहतं, गरम होऊन बंद पडेपर्यंत."

ताईंनी लॅपटॉपच्या पाठीवर हात ठेवला, पोराचा ताप बघावा तसा.

"लग्नात मला पण कंडिशन सांगितली नव्हती कोणी," त्या म्हणाल्या.

*

प्रकाश एका ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर आहे. त्याला जन्मापासून दिसत नाही. त्याचा लॅपटॉप स्क्रीनवरचं सगळं त्याच्या कानात वाचून दाखवतो. मी एकदा त्याचा इयरफोन लावून बघितला. एक शब्द कळेल तर शपथ! भुंगा गुणगुणल्यासारखा आवाज.

"एवढं फास्ट कळतं तुला?"

"सर, तुम्ही वाचताना एकेक अक्षर बघता का?"

मी इयरफोन काढून त्याला परत दिला.

एका रविवारी निलेशचं पान कोरं येत होतं. मी बघतोय, आंटी बघतायत, सगळे वाकून वाकून बघतायत, चूक सापडेना. प्रकाश म्हणाला, "मला पाठव रे जरा." मान कलती करून त्याने ऐकलं.

"बटणाचा कोड संपतो ना, तिथे महिरपी कंस बंद नाही केलास."

खरंच उघडा होता! निलेशने कंस टाकला, पान झळकन आलं.

"कसं कळलं तुला?"

"संपल्यासारखं वाटलंच नाही रे. कोणीतरी दार उघडं टाकून गेल्यासारखं वाटलं."

तेव्हापासून कोड अडला की आमच्या वर्गात सगळे डोळे मिटून मोठ्याने वाचतात. बाहेरून जाणाऱ्यांना वाटतं, आत पोथी चालू आहे!

*

आणि ही प्रज्ञाची गोष्ट. प्रज्ञा परळच्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. तिचे बाबा टॅक्सी चालवायचे. मूळचे मालवणकडचे, आवाज मोठा आणि तोंडात शिव्या. त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजायचं सगळं, शब्द मात्र फुटायचा नाही. याच्यासाठीच ती शिकायला आली होती, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

तिने बाबांच्या फोनसाठी एक पान बनवलं. मोठी मोठी बटणं. पाणी, चहा, पंखा, दुखतंय, बाथरूम. दाबलं की प्रज्ञाच्या आवाजात शब्द ऐकू येणार. क्लिक झालं की आवाज वाजव, एवढाच कोड. बाबांना उशीला टेकवून बसवलं आणि फोन डाव्या हाताशी ठेवला. त्यांनी एकच बटण दाबलं. "मला बाथरूमला जायचंय," मुलीचा गोड आवाज आला. बाबांनी फोन ढकलून दिला आणि भिंतीकडे तोंड केलं.

प्रज्ञा वर्गात येऊन रडली. "सर, सगळं बरोबर चालतंय. तरी ते हात लावत नाहीत."

प्रकाशने विचारलं, "त्यांचा स्वतःचा आवाज आहे का कुठे?"

तिने घरी जाऊन बाबांचा फोन उलटापालटा केला. एक जुना व्हॉइस मेसेज सापडला, गावच्या चुलतभावाला पाठवलेला. त्याने आंब्याची पेटी पाठवायला उशीर केला होता. त्यातला तुकडा तिने कापला आणि पानावर आणखी एक बटण टाकलं. त्याच्यावर काय लिहावं ते कळेना, म्हणून नुसतं लाल ठेवलं. फोन पुन्हा बाबांच्या हाताशी सरकवला.

बराच वेळ त्यांनी बघितलंच नाही. मग बोट लाल बटणावर गेलं.

"शिरा पडो तुझ्या तोंडार! आंबे खंय रवले?"

मालवणी शिवीसकट घरभर आवाज घुमला. बाबांचा, जुना, टॅक्सीत असायचा तसा. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. आई पिठाच्या हातांनी धावत आली आणि दारातच थांबली. प्रज्ञाकडे बघितलं, फोनकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

बाबांनी आईकडे बघत बटण पुन्हा दाबलं. "शिरा पडो तुझ्या तोंडार!"

आईने पदराने डोळे पुसले, कमरेवर हात ठेवले आणि लग्न झाल्यापासून देत आली होती तेच उत्तर दिलं,

"तुमच्याच तोंडार पडो!"