तिसरा फॅक्स

माझ्या नातवंडांनो,

मागच्या रविवारी फोनवर धाकटीने मला इंग्रजीत विचारलं, "आजी, तू प्रत्येक गोष्टीला आधी 'नाही' का म्हणतेस?" तुमचे बाबा मागे हसत होते. त्याचं उत्तर फोनवर मावणारं नाही, म्हणून आज लिहिते आहे. वाचताना कुठे अडलं तर बाबांना विचारा.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी इथे शॉमबर्गला एका औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट होते. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या तेव्हा फॅक्सने येत. साध्या औषधाला तेवढं पुरे. मॉर्फिनचं, म्हणजे सवय लागू शकणाऱ्या जबर वेदनाशामकाचं, तसं नव्हतं. फॅक्सवरून गोळ्या तयार करून ठेवता येत, पण डॉक्टरांच्या सहीचा मूळ कागद पाहिल्याशिवाय देता येत नसत. शिवाय फॅक्स डॉक्टरांच्याच ऑफिसातून आलेला हवा. म्हणून मी सगळ्यात आधी कागदाच्या वरच्या कडेची बारीक ओळ वाचायची. पाठवणाऱ्याचं नाव आणि नंबर तिथे छापलेले असतात.

एका दुपारी मॉर्फिनचा फॅक्स आला आणि त्या ओळीत एका सॉफ्टवेअर कंपनीचं नाव होतं. थोड्या वेळाने आमच्या मराठी मंडळातला नागपूरचा एक तरुण आला. त्याच्या आईला कॅन्सर होता. संक्रांतीला तिने मला वाण दिलं होतं.

"काकू, झालं ना तयार? सकाळी डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, मी ऑफिसातून फॅक्स करून टाकली. वेळ वाचला!"

"गोळ्या मोजून ठेवल्यात, पण हा फॅक्स डॉक्टरांकडून आलेला नाही. मूळ कागद दे."

"तो श्रेडरमध्ये घालून बारीक केला. फॅक्स गेल्यावर काय करायचाय?"

मी गोळ्यांची बाटली मागच्या फळीवर ठेवली.

"काकू, घरातल्या गोळ्या संपल्यात. पाचला आईचा डोस आहे. तुम्ही तिला ओळखता ना? मग हे पोलिसासारखं काय चाललंय?"

"पोलीस असते तर आधी तुला आत टाकलं असतं. बस त्या खुर्चीवर, आणि सांग, घरी हॉस्पिसची नर्स येते का?"

"सोमवारपासून येते."

मग मार्ग होता. हॉस्पिस म्हणजे बरं करण्याचे उपचार थांबवून फक्त वेदना कमी ठेवणारी सेवा. अशा पेशंटसाठी डॉक्टरांच्या ऑफिसातून आलेला फॅक्सच मूळ कागद धरला जाई, मात्र पेशंट हॉस्पिसमध्ये आहे हे त्यावर लिहिलेलं हवं. हा नियम मी एका कार्डावर लिहून काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवला होता.

मी माझ्या वहीतला डॉक्टरांच्या ऑफिसचा नंबर लावला. रिसेप्शनिस्ट म्हणाली, डॉक्टर निघताहेत. "कोट घालू दे त्यांना," मी म्हटलं, "दाराबाहेर मात्र सोडू नकोस."

चार वाजून वीस मिनिटांनी दुसरा फॅक्स आला. सही होती, नंबर वहीशी जुळत होता, पण हॉस्पिसचा उल्लेख नव्हता. मी पुन्हा फोन उचलला.

"काकू, आता बास ना!" तो जवळजवळ ओरडलाच.

"तुझ्या आईला आजच्यापुरत्या गोळ्या देऊन भागणार नाही. पुढच्या वेळीही हे नीट व्हायला हवं."

तिसरा फॅक्स आला, त्यात सगळं होतं. फॅक्सचा कागद काही महिन्यांत पुसट होतो, म्हणून मी त्याची झेरॉक्स काढून फाइलला लावली आणि बाटली त्याच्या हातात दिली. तो थँक्यू न म्हणता पळाला. ते मला आवडलं.

साडेपाचला त्याचा फोन आला. "गोळी घेतली. आई विचारतेय, काकूंचा चहा झाला का?"

त्याची आई आणखी सात आठवडे होती. त्या डॉक्टरांच्या ऑफिसातून नंतर आलेल्या प्रत्येक फॅक्सवर हॉस्पिस असं ठळक लिहिलेलं असे, आणि तिचा एकही डोस आमच्यामुळे चुकला नाही. तर धाकटे, मी आधी 'नाही' म्हणते, तेव्हा बहुतेक वेळा मी रस्ता शोधत असते.

ते दुकान आता नाही. नियमाचं ते कार्ड माझ्या टेबलाच्या डाव्या खणात आहे. बॉलपेनने लिहिलेलं असल्यामुळे अजून स्वच्छ वाचता येतं.