कॉलरबोन मोडलेले आम्ही दोघे

माझा स्वभाव मुळात भित्रा. हे मी आता साठी ओलांडल्यावर कबूल करतो आहे. तेव्हा, म्हणजे नव्वदचं दशक संपत आलं होतं त्या सुमारास, मी स्वतःला सावध माणूस समजायचो. फुलपाड्याहून स्कूटरने वालीवला जायचो, तिथल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचो. एके सकाळी या सावध माणसाची स्कूटर कारखान्याच्या वळणावर खडीत घसरली आणि मी उजव्या खांद्यावर आपटलो. गळ्याखाली काहीतरी कट्कन वाजलेलं मला स्पष्ट ऐकू आलं.

मग सल्ल्यांना ऊत आला. फोरमन म्हणाला, आमच्या गावी हाडवैद्य आहे, लेप लावून बांबूच्या कामट्या बांधतो, महिन्यात मोकळे. कॉलरबोनला कामट्या बांधणार कुठे, गळ्याला? मेहुण्यांनी फोनवरूनच निकाल दिला: सरळ ऑपरेशन करा, प्लेट आणि स्क्रू. बायकोने कुणाचंच न ऐकता मला वसईतल्या एका हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं.

तिथल्या बाकावर मावशी भेटली. पाचूबंदरची मासेवाली, वय पन्नाशीचं. होडीवरून मासळी उतरवून घेताना शेवाळावर पाय सरकला आणि तीही उजव्याच खांद्यावर पडली होती. डॉक्टरांनी आमचे एक्स-रे शेजारी शेजारी लावले. माझ्या हाडाला नुसती चीर होती. मावशीच्या हाडाचे दोन तुकडे एकमेकांवर चढले होते. तरी कण्हत होतो मी. ती मान वाकडी करून, दुसऱ्या कुणाचा फोटो पाहावा तसा तो एक्स-रे पाहत होती.

डॉक्टर तिला म्हणाले, "मावशी, दोन वाटा आहेत. ऑपरेशन करून प्लेट टाकली तर हाड सरळ बसेल. पण चिरफाड आली, आणि पुढे प्लेट टोचायला लागली तर ती काढायचं दुसरं ऑपरेशन. नाहीतर पाठीवरून इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा पट्टा बांधायचा, हात झोळीत ठेवायचा. बहुतेकांचं हाड तेवढ्यानेही जुळतं. टेंगूळ मात्र राहतं. आणि तुकडे आणखी सरकले, तर मग ऑपरेशन टळणार नाही."

"टेंगूल राहू दे, मना काय आता लगीन करायचाय?" ती म्हणाली. "हात डोक्यावर जाईल का, ता सांगा. पाटी धरायला हात वर गेला नाय, तं मी बाजारात जाऊ कशी?"

नवरा दम्याने घरी बसलेला. घर तिच्या पाटीवर चालत होतं. डॉक्टर म्हणाले, "पट्टा सोडला नाहीत, खांद्यावर वजन घेतलं नाहीत, तर जायला हवा. शब्द देत नाही." तिने पट्टा पत्करला. मला झोळीवरच सोडलं, तरी मी दोनदा विचारून घेतलं की नक्की ऑपरेशन नको ना.

दोन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे झाले. माझा पाहून डॉक्टर खूश झाले. तिचा पाहून त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या. "तुकडे सरकलेत, मावशी. काय उचललंत?"

"काय पन नाय. पट्टा बी सोडला नाय."

"खांद्यावर वजन घेतलं?"

"नाय ओ. पाटी डोक्यावर घेतली."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मावशी मात्र खरोखर चकित झाली होती. "खांद्यावर नको बोललात, मी नाय घेतली. डोक्याला काय झालाय माझ्या?" हात न लावता, नुसत्या मानेच्या तोलावर ती आठ दिवस होडीपासून टेंपोपर्यंत पाटी नेत होती. तिच्या सगळ्या गोतात ओझं हे डोक्याचं काम. खांद्याचा त्यात संबंध येतो, हे कधी कुणाच्या मनातच आलं नसावं. मला हसू फुटलं, पण मनातून मी थक्क झालो होतो. मोडक्या हाडाने ही बाई बंदरावर चालत होती आणि मी घरी बायकोकडून पाण्याचा पेला तोंडाला लावून घेत होतो!

डॉक्टर उठून तिच्यामागे गेले. मानेवर बोट ठेवून, डोक्यावरचं ओझं मोडलेल्या हाडाला कसं ओढतं ते त्यांनी दाखवलं. "आता आणखी सरकलं तर ऑपरेशन," ते म्हणाले. तिला घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पदराचं टोक तिने बोटाला घट्ट गुंडाळलं. मग म्हणाली, "डोक्यावर पन नाय."

आणि तिने ते पाळलं. धाकटी बहीण पाटी नेऊ लागली. मावशी घरी बसून, पट्टा आवळलेला, जाळी विणणाऱ्यांना शिव्या घालायची, असं तिनेच मला सांगितलं. पट्टा सुटल्यावर डॉक्टरांनी दोघांनाही व्यायाम दिले: वाकून हात झुलवायचा, भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची. तिने घरातल्या भिंतीवर कोळशाने रेघा मारल्या. काल बोटं इथवर, आज इथवर. मी काय केलं? दुखेल म्हणून झोळीच गळ्यात ठेवली. भांगसुद्धा बायको पाडायची.

चौथ्या महिन्यात शेवटची तपासणी होती. डॉक्टर म्हणाले, "दोघांनी हात वर करा."

मावशीचा हात सरळ वर गेला. गळ्याखाली सुपारीएवढं टेंगूळ दिसत होतं. तिने पंजा स्वतःच्या डोक्यावर टेकवला, तसाच राहू दिला, आणि तिचे डोळे भरून आले.

माझा हात खांद्याच्या रेषेत अडला. डॉक्टरांनी चाचपून पाहिलं. "सांधा जखडलेला नाही. हाड केव्हाच जुळलंय. तुम्हाला भीती वाटते." मग तिला म्हणाले, "पाटी घ्या आजपासून. आधी अर्धीच."

बाहेर ओट्यावर अर्धी पाटी तयारच होती. बहीण ती तिथवर आणून ठेवून, जागा धरायला पुढे बाजारात गेली होती. मावशीने डोक्यावर चुंबळ बसवली आणि मला म्हणाली, "भाऊ, हात लाव."

कुणी मासेवाली असं म्हणाली की जो जवळ असेल त्याने हात लावायचा, वसईच्या रस्त्यावर ही रीतच आहे. मी इकडेतिकडे पाहिलं. दुसरं कुणी नव्हतं.

"मावशी, माझा खांदा..."

"ठाऊक हाय मना. लाव."

मी पाटीची कड धरली. पाटी छातीपाशी आली, हनुवटीपाशी आली. मासळीचं पाणी माझ्या बाहीत उतरलं. डोळे मिटून मी ढकलली, आणि ती चुंबळीवर बसली. तिचा उजवा हात वर आला आणि त्याने कड घट्ट धरली.

"झाला," ती म्हणाली, आणि बाजाराकडे चालू लागली. मी तिच्याकडे बघत उभा राहिलो. माझे दोन्ही हात अजून वरच होते.