न दिलेलं औषध

१४ जानेवारी १९६६. दुपारी हळदीकुंकवाला बायका यायच्या होत्या, म्हणून मी सकाळीच ओट्यावर राख आणि कोमट पाणी घेऊन सासूबाईंच्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या घासत बसले होते. आता त्यांत जवसाचं तेल भरायचं होतं.

या बाटल्यांची सुरुवात माझ्या धाकट्या जावेनं केली. ती खामगावला राहायची. सणाला आली की सासूबाईंसाठी एक बाटली आणायची. पहिली बाटली तिची, पुढच्या सगळ्या आमच्या उधारीवर. रात्री झोपेची गोळी, गोळीच्या सुस्तीवर टॉनिक, टॉनिकनं पोट बिघडायचं म्हणून मिक्श्चर. मेहकरच्या औषधांच्या दुकानाचे पैसे भागवायला गाईचं दूध जानेफळच्या हॉटेलात जाई. सासूबाई दिवसभर पेंगत आणि उठल्या की झोक जाई.

दिवाळीनंतर मेहकरच्या डॉक्टरांनी सगळ्या बाटल्या मागवल्या, पाहिल्या आणि रक्तदाबाची एक गोळी तेवढी ठेवली. बाकीचं हळूहळू बंद करत आणलं. उधारी वाढायची थांबली, दूध घरात राहू लागलं. ते सासूबाईंच्या पोटात गेलं आणि महिन्याभरात त्या भिंत न धरता न्हाणीपर्यंत जाऊ लागल्या.

दुपारी शेजारीण म्हणाली, "काऊन वो माय, औंदा त एकट्याच उठून बसून राह्यल्या!"

"धाकटीच्या बाटलीची करामत हाये," सासूबाई म्हणाल्या. "थोरलीच्या हातचं त नुसतं वरण!"

बायका हसल्या. सणाला आलेली धाकटी लाजल्यासारखं करून पदर सावरत होती. माझ्या हातातला तिळगूळ चिकट झाला होता. दिलेलं औषध सगळ्यांना दिसतं. न दिलेल्याचं नाव कोण घेणार? त्यातून तिनं पिशवीतून नवी बाटली काढली. मेहकरला गाडी बदलताना घेतलेली, आमच्याच नेहमीच्या दुकानातून.

बायका गेल्यावर मी तिला चुलीपाशी गाठलं.

"ही सुरू केली की दूध परत हॉटेलात जाईल. डॉक्टरांनी नको म्हटलंय."

"जाऊबाई, काही न देता माणूस बरं होते काय?"

"झाल्यात ना. बसल्यात तिथं, बघ."

तिनं पाहिलं. सासूबाई कुणाच्या तरी नातवाला ओरडत होत्या. "तुमच्या मनाले येईल ते करा," ती म्हणाली. "पण बाटली बंद हाये हे मायले सांगू नका."

म्हणजे तिचं नाव तसंच राहणार. रात्रभर मला त्याचाच राग येत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाईची धार काढून मी ती नवी बाटली घेऊन पहिल्या गाडीनं मेहकरला गेले. दुकानदारानं बाटलीचं सील पाहिलं आणि तिची किंमत आमच्या मागच्या उधारीतून वजा केली. परत आले, दूध तापवलं. शेजारीण विस्तव मागायला आली होती, तिला मुद्दाम बसवून घेतलं आणि सासूबाईंच्या हातात पेला दिला.

"धाकटीची बाटली कुठी हाये?" त्यांनी विचारलं.

"आधी हे घ्या, आत्याबाई. थोरलीनं काढलं, थोरलीनं तापवलं."