थोरली देठ मोडायची

माझ्या थोरल्या जावेबद्दल चांगलं सांगण्यासारखं एकच आहे, तेही नाइलाजाने सांगते. आपोआप उगवणाऱ्या पालेभाज्या तिच्याइतक्या कुणाला ओळखता यायच्या नाहीत. बाकी बाई म्हणजे डोक्याला नुसता ताप. कारखान्याच्या कँटीनमध्ये ती मुख्य स्वयंपाकीण, मी तिच्या हाताखाली. घरीही एकाच छताखाली. म्हणजे सुटका कुठे नाहीच.

दर बुधवारी सकाळी ती कारखान्यामागच्या मोकळ्या जागेतून गोणीभर घोळ खुडून आणायची. घोळ म्हणजे जमिनीलगत पसरणारी, लालसर देठाची, गुबगुबीत पानांची भाजी. तिच्याच शेजारी, अगदी तिच्यासारखंच पसरून, चिकाचं एक रोप वाढतं. ते पोटात गेलं की घशाची आग आणि उलट्या. खात्रीची ओळख एकच, देठ मोडून बघायचा. पाणी आलं तर भाजी, पांढरा चीक आला तर फेकून द्यायचं. थोरली एकूण एक देठ मोडायची. लसणावर परतलेली तिची घोळ खायला कामगार रांग मोडून धावायचे, हे खोटं कशाला बोलू? कँटीनवाला तर फुकटच्या भाजीवर भलताच खूश.

मग तिला मोतीबिंदू झाला. कपाच्या बाजूला चहा ओतायची आणि वर विचारायची, "कप कुणी हलवला?" डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर यायची. देठ मोडायची, डोळ्यांशी धरायची आणि चीक ओघळत असलेलं रोप खुशाल पाटीत टाकायची. पान जाड की पातळ, हे बोटांना तरी कळावं ना! पण वर्षानुवर्षं गरम टोप उचलून बोटंही बधिर झालेली.

ती कांदे आणायला उठली की मी तिची पाटी गुपचूप पुन्हा निवडायचे. असं दोन महिने चाललं. माया वगैरे काही नाही हं! तिचं काम सुटलं असतं तर दिवसभर घरात माझ्या डोक्यावर बसली असती. नुसत्या विचाराने मला घाम फुटायचा.

एका बुधवारी ती अर्ध्यातूनच परत आली.

"माझ्या पाटीत काय उकरतेस?"

"काडीकचरा आहे, जाऊबाई."

"मी निवडलेल्यात कचरा? बघा गं बघा! हिला अजून धड लसूण सोलता येत नाही आणि मला शिकवायला निघाली!"

भांडी घासणाऱ्या दोघी फिदीफिदी हसल्या. माझं डोकं सणकलं. "घ्या, करा तुमचं तुम्ही," म्हणत मी पाटी ढकलली आणि कणीक मळायला बसले. चिकाची सात-आठ रोपं तरी वरच दिसत होती. ती कढईत पडली तेव्हाही मी कणीकच मळत होते.

दुपारी चौघं आडवे झाले. तिघं ओकून मोकळे झाले, पण गेटवरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याला दवाखान्यात सलाइन लावावं लागलं. मला रोज "आलीस का पोरी?" विचारणारा माणूस तो. तो वाचला, पण त्या संध्याकाळपर्यंत मला घोटभर पाणी गेलं नाही.

कँटीनवाल्याने दोघींना समोर उभं केलं. "भाजी कुणी निवडली?"

"शेवटचा हात हिचाच असतो," थोरली म्हणाली. "विचारा सगळ्यांना."

निर्लज्ज बाई! हिला दिसत नाही, एवढं एकच वाक्य पुरलं असतं. पण मग त्याने विचारलं असतं, तुला माहीत होतं तर आज गप्प का बसलीस? "हो, मीच निवडली," मी म्हटलं. त्याने त्याच क्षणी मला काढून टाकलं.

आठवडाभर मी मनात थोरलीला लाखोली वाहत होते. नवऱ्याला रोज ऐकवत होते, तुझ्या वहिनीने माझा गळा कापला. तो बिचारा मान हलवायचा.

पुढच्या बुधवारी थोरली सकाळीच घरी परतली. गोणी रिकामी होती. ती तिने माझ्या पुढ्यात आपटली.

"मला दिसत नाही," ती ओरडली, जणू काही ते मीच केलं होतं. "हिरवं दिसतं, चीक दिसत नाही. कँटीनवाल्याला तसं सांगून आले. काम गेलं माझं. झालं समाधान?"

"आता सांगताय? माझं नाव मातीत घालून झाल्यावर?"

"हो, आता सांगतेय. घाबरले होते म्हणून तुझं नाव घेतलं, आणि ते वाईट केलं." ती माझ्या आवाजाच्या रोखाने पुढे आली. "पण दोन महिने तू माझी पाटी निवडत होतीस, हे मला कळत नव्हतं असं वाटलं तुला? तुझ्या जिवावरच तर मी कढई चढवत होते. मला दिसत नव्हतं गं. त्या दिवशी तुला तर दिसत होतं ना?"

नवरा दाढी अर्धी टाकून दारात येऊन उभा राहिला होता. तो माझ्याकडे बघायला लागला.

"होतं," मी म्हटलं.