भावोजींच्या गाण्याचं परीक्षण

माझ्या अक्काच्या नवऱ्याने पंचेचाळिशी ओलांडल्यावर गायला सुरुवात केली, आणि ते गाणं कसं आहे हे चारचौघांना सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

मी नोकरीने सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहिते. कुठलं बटण दाबलं की काय होतं, असली. ती कोणी वाचत नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी एका छोट्या इंग्रजी वेबसाइटसाठी बेंगळुरूच्या रॉक बँडांच्या नव्या गाण्यांवर लिहिते. तेही फारसं कोणी वाचत नाही, पण ज्यांच्यावर लिहिते ते नक्की वाचतात, आणि मला तेवढं पुरतं. या शहरात दर दुसऱ्या इंजिनिअरच्या घरी एक गिटार आहे. ती त्याने शेजाऱ्याच्या लहान मुलाला खेळायला देऊन टाकावी असं माझं प्रामाणिक मत आहे.

भावोजी पुण्याचे. नोकरीसाठी इथे आले आणि एका बँडमध्ये ड्रम वाजवायला लागले. आम्ही मात्र इथलेच, किती पिढ्यांचे ते आम्हालाही सांगता येत नाही. आमचं मराठी घरापुरतं, आणि त्यात कानडी इतकं मुरलेलं की वेगळं काढता येत नाही. लग्न ठरल्यावर भावोजी पहिल्यांदा बनशंकरी भागातल्या आमच्या घरी आले, तेव्हा मी म्हटलं, "स्वल्प थांबा, कॉफी आणते." स्वल्प म्हणजे कानडीत थोडं. ते सोफ्यावर हसत हसत आडवेच व्हायचे बाकी राहिले. "स्वल्पविराम ऐकला होता," म्हणाले, "स्वल्प थांबा आजच ऐकलं!" हा विनोद त्यांनी पुढची कित्येक वर्षं प्रत्येक बारशाला, प्रत्येक मुंजीला केला. आमच्या आईच्या 'सरी, सरी'ची, म्हणजे 'बरं, बरं'ची, नक्कलही ते करत. आई हसायची. मला हसू येत नसे.

तरी मी त्यांना माफ केलं होतं, कारण ते वाजवायचे फार सुंदर. बेंगळुरूतल्या शिवाजीनगरला गाड्यांची सीट कव्हरं शिवणाऱ्या एका दुकानाच्या वर त्यांच्या बँडची सरावाची खोली होती. अक्काबरोबर मी तिथे गेले होते. गाणारा माईकवर ओरडत होता, गिटारवाला केस उडवत होता, आणि मागे कोपऱ्यात भावोजी मान खाली घालून सगळ्यांना सांभाळत होते. त्यांचा ठोका किंचित उशिरा पडायचा. पाटावर बसण्याआधी माणूस धोतर सावरतो, तेवढाच उशीर. त्या उशिरामुळे गाणं बसायचं. बडबड करणारा हा माणूस वाजवताना मात्र एक ठोका जास्तीचा टाकत नसे. मी मनात म्हटलं, ठीक आहे, अक्काने माणूस पाहून केलंय.

तर या भावोजींनी एक दिवस घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. काळा कुडता, पाठीमागे धूर, नजर जमिनीवर, जणू चप्पल हरवलीय. खाली लिहिलं होतं की हा त्यांचा साइड प्रोजेक्ट आहे, मुख्य बँडच्या जोडीला. या नव्या बँडचं नाव म्हणजे एक इंग्रजी शब्द, त्यातले सगळे स्वर काढून टाकलेले. बँडमध्ये माणसं दोन. गायला भावोजी, आणि बाकीचं सगळं त्यांच्या ऑफिसमधला एक लॅपटॉपवाला. पहिलं गाणं लवकरच येणार होतं. गाणं मराठीत. आमच्या मराठीला हसलेल्या माणसाचं मराठी गाणं म्हटल्यावर मी पदर खोचलाच.

दुसऱ्याच दिवशी वेबसाइटच्या संपादकाचा फोन. "त्या बँडच्या ड्रमरचं वेगळं गाणं येतंय. तू मराठी, तूच लिही."

"तो माझ्या बहिणीचा नवरा आहे."

"मग तर फारच छान. आतली गोष्ट कळेल."

लाज नावाची वस्तू या संपादकाने बहुधा कधी वापरलेली नाही. माझ्यात ती थोडी होती, पण गाणं ऐकायची उत्सुकता त्याहून जास्त होती. मी हो म्हटलं, आणि परीक्षणात नातं उघड सांगायचं असं ठरवलं.

गाणं बाहेर यायच्या आधी ऐकायला अक्काने मला के. आर. पुरमच्या त्यांच्या फ्लॅटवर बोलावलं. शनिवारची दुपार होती. तिने उप्पीट केलं होतं. भावोजींनी पडदे ओढले, मला स्पीकरसमोर खुर्ची दिली आणि स्वतः भिंतीला टेकून डोळे मिटून उभे राहिले. अक्का टेबलाशी कोथिंबीर निवडत बसली.

आधी बराच वेळ वारा वाहिला. मग देवळातली घंटा वाजली. का, ते कळलं नाही. मग भावोजींचा आवाज, विहिरीत पडलेल्या माणसाने वर हाक मारावी तसा घुमत आला: "मी आग, मी राख, मी मधलं काहीतरी." हीच ओळ पुन्हा. मग पुन्हा, जास्त जोरात. मग गिटार कण्हली. मग कडवं आलं, त्यात आरसा होता, सावली होती, आणि 'स्वतःचा शोध' हे शब्द जसेच्या तसे, निबंधात लिहितात तसे होते. मग परत मधलं काहीतरी.

संपल्यावर मी म्हटलं, "भावोजी, मधलं काहीतरी म्हणजे काय?"

"तेच तर!" त्यांनी डोळे उघडले. "ते मी ओपन ठेवलंय."

"निखारा म्हणायचंय का?"

"निखारा आधी होतं. पण ते फारच ट्रॅडिशनल वाटायला लागलं."

"आग आणि राख यांच्या मधे कोळसासुद्धा असतो."

अक्का कोथिंबिरीच्या काड्या घेऊन उठली. मी तिच्या मागे स्वयंपाकघरात गेले.

"स्वल्प बघून लिही ग," ती हळूच म्हणाली.

"म्हणजे खोटं लिहू?"

"खोटं नको. स्वल्प बघून."

मी घरी येऊन लिहिलं. बघून लिहिलं, पण जे दिसलं तेच लिहिलं. नातं पहिल्याच ओळीत सांगून टाकलं. मग लिहिलं की या गाण्यातला माणूस आग आणि राख यांच्या मधे अडकला आहे, म्हणजे तो कोळसा आहे, आणि कोळशाने तक्रार करू नये, त्याच्यावर निदान कणीस तरी भाजता येतं. लिहिलं की घंटा देवळात ठेवावी. लिहिलं की आयुष्याचं कोडं पडलेल्या माणसाने आधी व्याकरणाचं सोडवावं, कारण दुसऱ्या कडव्यात 'माझी आरसा' आहे. हे मी रचलेलं नाही. पुण्याच्या माणसाने माझी आरसा लिहिलं होतं, कारण 'माझा' चालीत बसत नव्हता म्हणे. लिहिताना मला इतकी मजा आली की मी अधूनमधून उठून फेऱ्या मारत होते.

मग अक्काचा चेहरा आठवला आणि शेवटी एक परिच्छेद जोडला. त्यात म्हटलं की या सगळ्या धुरात एकच गोष्ट खरी आहे, ती म्हणजे ड्रम. तो किंचित उशिरा पडणारा ठोका या शहरात दुसऱ्या कोणाकडे नाही, आणि या कलावंताने माईक सोडून परत तिथे जाऊन बसावं. हे मी मनापासून लिहिलं होतं. परीक्षण वेबसाइटवर आलं.

रविवारी सकाळी भावोजी दारात. के. आर. पुरमहून मेट्रोने, एकटेच आले होते. मी भांडणाची तयारी करूनच दार उघडलं. आई देवळात गेली होती. ते आत येऊन बसले, कॉफी घेतली, आणि स्वल्पविरामाचा विनोद केला नाही. तेव्हाच मला काहीतरी बिनसलंय असं वाटलं.

"तू ड्रमबद्दल लिहिलंयस," ते म्हणाले.

"तेवढंच चांगलं होतं."

"ते मी वाजवलेलं नाही."

"मग कोणी वाजवलंय?"

"कोणीच नाही. लॅपटॉपवर केलंय."

"पण तो उशीर? तो तुमचाच आहे. मला ओळखू येतो."

"ह्यूमनाइझ म्हणून एक बटण असतं," ते म्हणाले. "ते दाबलं की ठोके थोडे मागेपुढे सरकतात. माणसाने वाजवल्यासारखे."

कुठलं बटण दाबलं की काय होतं हे लिहून जगणारी मी, एका बटणाला या शहरातला एकमेव कलावंत म्हणून बसले होते. पण त्याहून वाईट पुढेच होतं. भावोजींनी डावा हात वर उचलून दाखवला. तो छातीपर्यंत आला आणि थांबला. त्यांचा चेहरा वाकडा झाला.

"खांदा आखडलाय. गेल्या पावसाळ्यापासून. व्यायाम चालू आहेत, पण वाजवणं बंद."

"आणि बँड?"

"त्यांनी दुसरा घेतला. चांगला आहे पोरगा. जरा फास्ट आहे."

"मग साइड प्रोजेक्ट कसला? मुख्य प्रोजेक्टच नाही तर?"

"शब्द बरा वाटतो," ते म्हणाले. "लोक विचारत नाहीत."

"अक्काला माहीत आहे?"

"खांदा माहीत आहे. बँडचं सांगितलेलं नाही."

त्यांची दया आली असं म्हणावं, तर ते गाणं अजून माझ्या डोक्यात घुमत होतं, आणि त्याबद्दल दया येणं शक्य नव्हतं. ते म्हणाले, "बाकीचं राहू दे. कोळशाचं वाचून राग आला, पण राहू दे. ड्रमचं तेवढं काढ."

"भावोजी, तेवढं काढलं तर चांगलं काहीच उरत नाही."

"नको उरू दे. बँडमधले वाचतील. त्यांना पहिल्या ठोक्यालाच कळलं असणार की हा मी नाही. मशीनची शाबासकी माझ्या नावावर नको."

इतक्या वर्षांत मला या माणसाबद्दल एवढा आदर कधी वाटला नव्हता. तो किती टिकला म्हणाल, तर त्यांनी खिशातून फोन काढेपर्यंत. "आता आलोच आहे तर पुढचं गाणं ऐक," ते म्हणाले. "यात बासरी आहे."

मी परिच्छेद काढला. संपादकाला कारण सांगितलं नाही. तो म्हणाला, आता तर नुसत्या शिव्याच उरल्या. पण त्याचा आवाज खूश होता, कारण लोक वाचत होते. जुन्या बँडच्या गाणाऱ्याने ते परीक्षण सगळ्यांना पाठवलं, खाली हसून डोळ्यांतून पाणी आलेले चेहरे चिकटवून. त्याच्या मागे वर्षानुवर्षं बसून ज्याने त्याचा बेतालपणा सावरला, त्याच्यावर हसायला त्याला माझे शब्द सापडले होते. भावोजींच्या गाण्यापेक्षा मला हे जास्त किळसवाणं वाटलं.

मग अक्काचा फोन आला. तिने आधीचं परीक्षण वाचलं होतं आणि आता नवं वाचलं होतं.

"एक ओळ बरी लिहिली होतीस," ती म्हणाली, "तीही काढलीस? बेकित्ता तुला हे?"

हवं होतं का तुला हे, असं ती कानडीत विचारत होती. रागावली की ती कानडीत जाते. मी काय सांगणार? सांगायची गोष्ट माझी नव्हती. तिने फोन ठेवला. त्यानंतर तिने माझ्याशी बोलणं टाकलं. आईशी बोलायची, माझी चौकशी करायची नाही. नागपंचमीला आली नाही, गणपतीला आली तर माझ्याकडे पाठ करून मोदक वळत बसली. भावोजी आमच्या दोघींकडे बघत होते. आरतीला त्यांनी टाळ उजव्या हातात धरून डाव्या हातातल्या टाळावर हळूच आपटला, आणि पहिल्यांदाच त्यांची आरती तालात नव्हती.

त्या रात्री घरी गेल्यावर त्यांनी तिला सगळं सांगितलं असावं. कारण दुसऱ्या दिवशी मी ऑफिसमध्ये असताना तिचा फोन आला.

"सांगितलं त्यांनी," ती म्हणाली. "आणि ती ओळ त्यांनीच काढायला लावली हेही."

"हं."

"मला बँडचं कळलेलंच होतं ग. शिवाजीनगरला जायचं थांबले, कपड्यांना त्या खोलीचा वास येईना. मला वाटलं, सांगतील तेव्हा सांगतील." मग एकदम म्हणाली, "गाणं खरंच एवढं वाईट आहे?"

"आहे."

"मलाही तसंच वाटायचं. पण दिवसभर घरात तेच चालू. मला वाटलं, ऐकून ऐकून माझाच कान बिघडला." आणि ती हसायला लागली. मीही हसले. शेजारच्या टेबलावरची मुलगी वळून बघायला लागली.

भावोजींचं दुसरं गाणं, बासरीवालं, दिवाळीच्या सुमारास आलं. मी संपादकाला सांगितलं की हे दुसऱ्या कोणालातरी दे. त्याने दिलं. त्या दुसऱ्याने ते गाणं 'धाडसी' आहे असं लिहिलं. ज्या परीक्षकाला काही समजत नाही तो धाडसी लिहितो, हे या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे.

ते वेबसाइटवर आलं त्याच दिवशी मी स्वयंपाक करत असताना भावोजींचा फोन आला.

"वाचलंस? धाडसी म्हणतोय. खरंच का ग?"

"नाही."

"वाटलंच मला," ते म्हणाले. "सगळ्यात वाईट ओळ कुठली?"

मी सांगितली. मग त्यांनी विचारलं, तिच्या खालोखाल वाईट कुठली. तीही सांगितली. ते वाद घालायला लागले, मी घालू दिला, आणि आमचं बोलणं संपेपर्यंत गॅसवरची आमटी आटून तळाला लागली होती.